इतर, २५० ग्रॅम

पावणेसहाला पादऱ्याचा टेम्पो येतो.
मी शटर अर्धंच उचलते,
माल वाकून आत येतो, ऊन बाहेर थांबतं.

कलिंगडं आधी. लग्नातल्या जड पाहुण्यांसारखी
खाली, भिंतीला टेकवून, देठ एकाच दिशेला.
एक चिरून वर ठेवायचं, पिवळ्या दिव्याखाली.
पांढऱ्या दिव्यात तेच कलिंगड आजारी दिसतं.
हे कुणी शिकवलं नाही.
वाघोडिया रोडच्या या दुकानात आठ उन्हाळे उभी आहे,
आधी पाय शिकले, मग डोळे.

हेड ऑफिसातून कागद आलाय:
आंबा दाराशी, डाव्या हाताला, पिरॅमिड.
कागदावरचे आंबे सगळे एका मापाचे.
माझा केसर तसा नाही.
दोन दिवस हिरवा रुसून बसतो
आणि तिसऱ्या रात्री, एसी बंद झाल्यावर,
कुणी बघत नसताना पिकतो.

तरी रचते पिरॅमिड.
वरचं फळ कुणीच घेत नाही.
दांडिया बाजारच्या मोहिते काकू असोत
की कारेलीबागच्या जिग्नाबेन,
हात सरळ दुसऱ्या थरात.
म्हणून चांगला मी दुसऱ्या थरात ठेवते.
त्या जिंकल्यासारख्या घरी जातात,
वरचा थर संध्याकाळी कापून, डब्यात भरून,
निम्म्या भावात जातो.

पाट्या माझ्याच. खडूने,
वर गुजराती, खाली इंग्रजी:
टेटी. गुंदा. राजापुरी, छुंद्यासाठी.
मराठीला जागा उरत नाही.
मग गलेलीची पाटी उलटी करून
भिंतीकडच्या बाजूला बारीक लिहिते: ताडगोळे.
भिंत वाचते. तिला घाई नसते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या दाराशी
छोटा उदेपूरची सुकलीबेन.
टोपलीत खाखऱ्याची पानं, पानांत रायण,
पिवळी, बोटाच्या पेराएवढी,
खाल्ली की ओठाला ओठ चिकटतो.

काट्यावर ठेवली, मशीन विचारतं: कोड?
केसरला कोड आहे.
न्यूझीलंडहून आलेल्या किवीला आहे.
रायणीला नाही.
कॅशवरचा पार्थिव म्हणतो, "ताई, 'इतर'मध्ये टाकू?"
टाक.
पावतीवर छापून येतं: इतर, २५० ग्रॅम.

त्या महिन्यात 'इतर' फारच खपलं.
म्हणून अमदावादचे साहेब आले, शर्ट खोचलेला,
पिरॅमिडचा फोटो काढला, खूश झाले,
मग टोपलीशी थांबले.
"हे काय?"
"रायण. आमच्यात खिरणी म्हणतात."
"आमच्यात म्हणजे? तुम्ही कुठल्या?"
मी हात पुसले.
"बडोद्याची."
"नाही, मूळच्या?"
माझ्या आज्याचा बाप इथे आला तेव्हा
या रोडवर झाडी होती, बहुधा रायणीचीच.
पण साहेबांना गाडी गाठायची होती.
"बडोद्याचीच," म्हटलं.
कोड नसलेला माल ठेवू नका, म्हणाले,
आणि जाताना मूठभर उचलून खिशात टाकली.
पार्थिवने माझ्याकडे पाहिलं.
पर्समधून पैसे काढले, बिल केलं:
इतर, ५० ग्रॅम.

सुकलीबेनला सांगायचं कसं, हे ठरेपर्यंत
रायण आपोआपच संपली. ती वाट बघत नाही.

जूनच्या पंधरा तारखेला आंब्याचं टेबल हललं.
आता दाराशी वह्या, कव्हरं, पाण्याच्या बाटल्या.
टेबलाखाली एक केसर सापडला, काळा पडलेला;
चार दिवस मी त्या वासाला आठवण समजत होते.

मग पाट्या धुवायला घेतल्या.
टेटी गेली. गुंदा गेला. गलेली गेली, तिच्यामागचे ताडगोळेही.
रायणीची पाटी उलटली.
मागे मी काहीच लिहिलं नव्हतं, राहूनच गेलं होतं.
तिथे पार्थिवचं गिचमिड अक्षर:
खिरणी.
गुजराती मुलगा, वरची रेघ दिलीच नाही,
अक्षरं नुसती लोंबतायत, दोरीशिवाय वाळत घातल्यासारखी.

रेघ ओढायला खडू उचलला.
खाली ठेवला.
ती एक पाटी कोरडीच फळीवर चढवली, भिंतीकडे तोंड करून,
आणि वह्यांची खोकी फोडायला गेले.